मे महिन्यात बेन्झोइक आम्लाचे स्फटिकीकरण : उतारा कमी आणि द्रवणांकही खाली

पूर्णाकाठ | १२ मे, रात्री ९.४०

नमस्कार. अकोला जिल्ह्यातील खारपाण पट्ट्यातल्या (जिथे जमिनीखालचे पाणी खारे आहे) एका ग्रामीण महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवतो. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांकडून आम्ही दोन घन सेंद्रिय पदार्थांचे मिश्रण वेगळे करून घेतो, आणि त्यातले सर्वांत नेहमीचे मिश्रण म्हणजे बेन्झोइक आम्ल आणि नॅफ्थलीन (डांबरगोळीतला पदार्थ). दोन्ही दोन-दोन ग्रॅम घ्यायचे, सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ढवळायचे, आम्ल विरघळून खाली जाते आणि नॅफ्थलीन गाळणकागदावर राहते. गाळलेल्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की बेन्झोइक आम्ल पांढऱ्या चोथ्यासारखे बाहेर पडते. मग ते उकळत्या पाण्यात विरघळवून थंड होऊ द्यायचे आणि शुद्ध स्फटिक मिळवायचे.

जानेवारीत याच कृतीने कच्च्या १.९ ग्रॅममधून उतारा, म्हणजे हाती आलेले शुद्ध स्फटिक, १.५ ग्रॅम मिळाला होता आणि द्रवणांक (वितळण्याचे तापमान) १२१ ते १२२ अंश आला होता. या आठवड्यात, परीक्षेपूर्वीच्या सरावात, कच्च्या १.८५ ग्रॅममधून जेमतेम १.१ ग्रॅम हाती लागले आणि द्रवणांक ११६ ते ११९ अंश असा पसरट आला. विद्यार्थी तेच, बाटल्या त्याच, पाणीही दोन्ही वेळा १०० मिलिलीटर. कुठे चुकले असावे, याचा विचार करून मी थकलो आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रयोगवही | १२ मे, रात्री १०.१५

पूर्णाकाठ सर, उतारा आणि द्रवणांक या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणेही बहुधा वेगळी निघतील, म्हणून आधी तीन गोष्टी विचारते. प्रयोगशाळेतले तापमान किती होते? पाणी कुठले वापरले? आणि द्रावण उकळत असताना त्यावर तेलकट थेंब किंवा डांबरगोळीचा वास जाणवला होता का?

पूर्णाकाठ | १३ मे, सकाळी ६.५०

ताई, दुपारी बाराला भिंतीवरचा तापमापक ४२ अंश दाखवत होता. पंखे होते, पण वीज दोनदा गेली. ऊर्ध्वपातित पाण्याचे यंत्र पाणीटंचाईमुळे एप्रिलपासून बंद आहे, म्हणून बोअरचे पाणी उकळून, गाळून वापरले. वास मात्र होता. द्रावणावर पातळ तवंग दिसला असे दोन मुलींनी वहीत लिहिले आहे, मी त्याकडे लक्ष दिले नव्हते. गरम द्रावण गाळण्याची पायरी आम्ही वेळेअभावी वगळली होती.

प्रयोगवही | १३ मे, सकाळी ८.३०

मग उत्तर तुमच्याच नोंदींत आहे. त्या दोन मुलींचे खरोखर कौतुक करावेसे वाटते. दिसले ते लिहिणे, हा सराव फार थोड्यांना लागतो.

आधी उताऱ्याचे पाहू. पुनर्स्फटिकीकरणात शुद्धी होते ती गरम आणि थंड यांच्यातल्या फरकावर. बेन्झोइक आम्ल १०० मिलिलीटर पाण्यात १०० अंशांना सुमारे ५.६ ग्रॅम विरघळते, ७५ अंशांना २.१ ग्रॅम, ४० अंशांना ०.५५ ग्रॅम, २५ अंशांना ०.३४ ग्रॅम आणि १८ अंशांना ०.२७ ग्रॅम. जेवढे थंड पाण्यात विरघळलेले राहते, तेवढे स्फटिक गाळताना मदर लिकरबरोबर (स्फटिक पडल्यावर उरलेल्या द्रावणाबरोबर) खाली निघून जाते आणि ते परत मिळत नाही. पुस्तकात 'द्रावण खोलीच्या तापमानापर्यंत थंड होऊ द्या' असे लिहिलेले असते, ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढची खोली २०-२५ अंशांची असते. तुमची खोली जानेवारीत तशी होती, म्हणून १०० मिलिलीटरमागे पाव ग्रॅमच्या थोडे वर गेले. मे महिन्यात तीच खोली ४२ अंशांची झाली आणि त्याच १०० मिलिलीटरमध्ये जवळपास ०.५७ ग्रॅम विरघळलेलेच राहिले. म्हणजे कृती तीच ठेवली तरी तुमचे नुकसान दुप्पट झाले, आणि त्यात विद्यार्थ्यांच्या हाताचा काही दोष नाही.

त्यात १०० मिलिलीटर पाणी हे मुळातच जास्त आहे. १.८५ ग्रॅम विरघळायला उकळत्या पाण्याच्या हिशेबाने ३३ मिलिलीटर पुरते. गाळताना थोडे थंड होणार आणि थोडी वाफ जाणार, म्हणून ४५ ते ५० घ्यावे. सगळे पाणी एकदम ओतू नये. आधी ३० मिलिलीटर घालून उकळावे आणि मग थोडे थोडे वाढवत जावे.

बुलडाणेकर | १३ मे, दुपारी १.०५

बोअरच्या पाण्याचा मुद्दा मागे पडू नये, कारण खारपाण पट्ट्यात तो मोठा आहे. पूर्णेच्या खोऱ्यातले विहिरींचे पाणी पातेल्यात आटवले की बुडाशी पांढरी खरपुडी उरते, हे आपल्याकडच्या प्रत्येक घरात माहीत आहे. त्या पाण्यात क्लोराइडांबरोबर बायकार्बोनेटही असते, आणि बायकार्बोनेट म्हणजे तुम्ही ज्याने बेन्झोइक आम्ल विरघळवले तोच पदार्थ. समजा पाण्यात लीटरमागे ५०० मिलिग्रॅम बायकार्बोनेट आहे. त्याचे मोल काढले तर ८ मिलिमोलच्या थोडे वर येतात. १०० मिलिलीटरमध्ये ०.८ मिलिमोल, आणि तेवढे बायकार्बोनेट ०.१ ग्रॅम बेन्झोइक आम्लाचे बेन्झोएट करून टाकते, जे थंड पाण्यातही विरघळलेलेच राहते. पाणी आधी उकळल्याने यातले थोडे कमी होते, कारण चुना खाली बसतो, पण सोडियमच्या वाट्याचा अल्कलीपणा तसाच राहतो.

आता बेरीज करा. ४२ अंशांमुळे ०.५७, बोअरच्या पाण्यामुळे ०.१, आणि कागदाला, काचेला चिकटलेले ०.१. एकूण ०.७७ ग्रॅम. १.८५ मधून ते वजा केले की १.०८ उरते. तुम्हाला १.१ मिळाले. काही हरवलेले नाही, सगळ्याचा हिशेब लागतो.

पूर्णाकाठ | १३ मे, दुपारी १.४०

हिशेब इतका जुळेल असे वाटले नव्हते. मी फळ्यावर द्रावणीयतेचा आलेख दरवर्षी काढतो आणि स्वतःच्या प्रयोगशाळेचे तापमान त्यावर एकदाही खुणेने दाखवलेले नाही, याची फार खंत वाटते आहे. उद्या तो आलेख काढून त्यावर जानेवारी आणि मे अशा दोन उभ्या रेघा मारणार आहे.

तृतीयवर्ष | १३ मे, सायंकाळी ५.२०

सरांना आणि ताईंना नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकतो. आमच्याकडे अशा वेळी बर्फ आणतात आणि उकळते फ्लास्क सरळ बर्फात ठेवतात. दोन मिनिटांत सगळे स्फटिक खाली बसतात. तसे केले तर उताऱ्याचा प्रश्न सुटणार नाही का?

परीक्षानळी | १३ मे, रात्री ८.५५

बाळ, उताऱ्याचा सुटेल, पण ज्यासाठी हे सगळे करायचे ती शुद्धीच हातची जाईल. मी ३४ वर्षे प्रयोगशाळेत काढली आहेत, म्हणून हे थोडे सविस्तर सांगतो.

स्फटिक वाढतो तो रेणूवर रेणू बसून. पृष्ठभागावर एखादा परका रेणू येऊन टेकला तर तो त्या जागी नीट बसत नाही, सैल राहतो, आणि वेळ मिळाला तर सुटून पुन्हा द्रावणात जातो आणि त्याच्या जागी आपला रेणू बसतो. ही अदलाबदल म्हणजेच शुद्धी. उकळते द्रावण एकदम बर्फात ठेवले की ही अदलाबदल व्हायला सवडच मिळत नाही. हजारो बारीक कण एकाच वेळी जन्माला येतात, मदर लिकरचे थेंब त्यांच्या पोटात आणि फटींत अडकतात, आणि गाळणकागदावर पिठासारखा लगदा जमतो, जो कितीही धुतला तरी आतून ओला आणि मळका राहतो.

माझी पद्धत अशी. गरम, गाळलेले द्रावण शंकूच्या आकाराच्या फ्लास्कमध्ये घ्यावे, तोंडावर घड्याळकाच ठेवावी आणि फ्लास्क सरकी काढलेल्या कापसात, गोणपाटावर बसवावा. आपल्या वऱ्हाडात कापसाला तोटा नाही, आणि उष्णता धरून ठेवायला त्याच्यासारखे काही नाही. मग हात लावू नये, हलवू नये. अर्ध्या तासाने पाहिले तर द्रावणाच्या मध्यभागी एखादी चमकती काडी तरंगताना दिसते, मग तिच्या बाजूला दुसरी, आणि बघता बघता फ्लास्क लांब, चपट्या, रेशमासारख्या पात्यांनी भरून जातो. फ्लास्क किंचित तिरपा केला की पाती प्रकाशात एकदम लखलखतात आणि पुन्हा विझतात. ते पाहिलेला विद्यार्थी पुढे घाई करत नाही. फ्लास्क खोलीच्या तापमानाला आला, की मग बर्फात १५ मिनिटे ठेवावा. बर्फ शेवटी, आणि तोही मोठे स्फटिक तयार झाल्यावर. त्या वेळी द्रावण ५ अंशांपर्यंत उतरते आणि १०० मिलिलीटरमागे विरघळलेले राहणारे आम्ल ०.२ ग्रॅमपर्यंत येते. पाणी ५० मिलिलीटर असेल तर नुकसान फक्त ०.१ ग्रॅम.

थंड झाल्यावरही काहीच दिसले नाही, तर काचकांडीने फ्लास्कची आतली बाजू पातळीजवळ खरवडावी, किंवा शुद्ध स्फटिकाचा एक कण बीज म्हणून टाकावा. आणि धुण्याचे पाणीही बर्फाचेच हवे, पाच मिलिलीटर, एकदाच. नळाच्या ४० अंशांच्या पाण्याने दोन-तीनदा धुणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. ते स्वतःच्या हाताने उतारा मोरीत ओतत असतात.

तृतीयवर्ष | १३ मे, रात्री ९.३०

समजले, सर. पण मग द्रवणांक खाली का आला? पूर्णाकाठ सरांनी तर बर्फ वापरलाच नव्हता.

प्रयोगवही | १३ मे, रात्री १०.०५

कारण तो तवंग. नॅफ्थलीन ८० अंशांना वितळते आणि पाण्यात, गरम असो वा थंड, जवळजवळ विरघळत नाही. उकळत्या पाण्यावर ते तेलाच्या थेंबांसारखे तरंगते, थोडे वाफेबरोबर उडते, त्याचाच वास येतो, आणि उरलेले द्रावण ८० च्या खाली गेल्यावर घट्ट होऊन बेन्झोइक आम्लाच्या स्फटिकांमध्ये मिसळते. पाण्यातून दहा वेळा स्फटिकीकरण केले तरी ते जाणार नाही, कारण स्फटिकीकरणाने तीच अशुद्धी जाते जी थंड द्रावकात विरघळलेली राहते. मिठासारखी अशुद्धी मदर लिकरमध्ये राहील, वाळूसारखी गरम गाळताना कागदावर राहील. नॅफ्थलीन दोन्हींत बसत नाही.

त्याचे प्रमाणही मोजता येते. बेन्झोइक आम्लात शंभर रेणूंमागे एक रेणू परका शिरला, तर द्रवणांक सुमारे पाऊण अंशाने खाली येतो. तुमचे वितळणे १२२ ऐवजी ११९ ला संपले, म्हणजे शंभरात चार रेणू. १.१ ग्रॅममध्ये ते पन्नास मिलिग्रॅमही होत नाहीत. चिमूटभरसुद्धा नाही.

म्हणजे दोष पहिल्याच पायरीवर आहे. बायकार्बोनेटचे द्रावण गाळताना कागद फाटला होता, किंवा कापड वापरले होते, किंवा भांड्याच्या काठावरून चुरा खाली गेला. माझा सल्ला असा, की आहे तो माल वाया घालवू नका. तो पुन्हा थंड बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळवा, दुहेरी गाळणकागदातून गाळा, द्रावण पाण्यासारखे स्वच्छ दिसेपर्यंत पुढे जाऊ नका, आणि मग आम्ल घालून परत पाडा. बायकार्बोनेटमध्ये आम्ल हळूहळू घालावे, फेस वर येऊन सांडतो.

पूर्णाकाठ | १४ मे, सकाळी ७.१५

ताई, कागद संपल्यामुळे एका गटाने मलमलीचे कापड वापरले होते, हे आज चौकशी केल्यावर कळले. दुसरा प्रश्न नॅफ्थलीनचा. ते आम्ही अल्कोहोलमधून शुद्ध करतो. या उन्हाळ्यात तेही नीट येत नाही. वाळवायला ठेवलेले नॅफ्थलीन दुसऱ्या दिवशी वजनाला कमीच भरते.

परीक्षानळी | १४ मे, सकाळी ९.००

कमी भरणारच, कारण ते उडून जाते. डांबरगोळी कपाटात झिजते ती याच कारणाने, आणि ४२ अंशांच्या खोलीत तर ती फार लवकर झिजते. वाळवायचे असेल तर गाळणकागदाच्या घड्यांमध्ये दाबून ओल टिपून घ्यावी आणि झाकून ठेवावे, रात्रभर उघडे नको. उन्हाळ्यात मी तर नॅफ्थलीन संप्लवनाने, म्हणजे घनाची वाफ करून ती पुन्हा घन स्वरूपात जमवून, शुद्ध करतो. चिनीमातीच्या बशीत पदार्थ, त्यावर भोके पाडलेला कागद, त्यावर उलटे नरसाळे, नळीत कापसाचा बोळा, खाली अगदी मंद आच, आणि नरसाळ्यावर ओला फडका. आतल्या बाजूला पातळ, पारदर्शक पापुद्रे जमतात, आणि द्रवणांक सरळ ८० अंश मिळतो.

अल्कोहोल वापरायचेच असेल तर एक गोष्ट कळकळीने सांगतो. इथेनॉलची वाफ सुमारे १५ अंशांपासूनच पेट घेण्याइतकी जमते. आपली खोली त्याच्या जवळपास तिप्पट तापमानाची असते. अशा ठिकाणी उघडा बर्नर किंवा स्टोव्ह पेटवणे म्हणजे विद्यार्थ्यांना धोक्यात घालणे. पाणी दुसऱ्या खोलीत उकळून आणावे, आच विझवावी, मगच फ्लास्क त्या गरम पाण्यात ठेवावा.

दुकानातून आणलेल्या डांबरगोळ्या प्रयोगाला वापरत असाल तर त्यांचा द्रवणांक आधी पाहा. बऱ्याच गोळ्या पॅराडायक्लोरोबेन्झीनच्या असतात आणि ५३ अंशांना वितळतात.

बुलडाणेकर | १४ मे, सकाळी ११.२०

परीक्षानळी सर, तापमानाचा विषय निघाला आहे तर तुम्ही पूर्वी एका धाग्यावर पाश्चरची गोष्ट लिहिली होती, ती इथे पुन्हा सांगाल का? मला लोणारचा दाखला द्यायचा आहे, तो त्याला जोडून देतो. लोणार सरोवराचे पाणी क्षारधर्मी आहे, पीएच दहाच्या आसपास, आणि त्यात सोडियम क्लोराइड आणि सोडियम कार्बोनेट एकत्र असतात. उन्हाळ्यात काठावर खार जमतो तो या दोघांचे मिश्रण. हे मिश्रण नुसत्या आटवण्याने वेगळे होत नाही, पण थंडीने बरेचसे होते. मिठाची द्रावणीयता ० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात ३५.७ ग्रॅम आणि १०० अंशांना ३९ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ सपाट रेघ. सोडियम कार्बोनेटची मात्र ० अंशांना ७, २० अंशांना २१.५ आणि ३० अंशांना ३९.७ ग्रॅम. गरम, संपृक्त द्रावण थंड केले की धुण्याचा सोडा खाली बसतो आणि मीठ वर पाण्यात राहते. मिश्रणातल्या दोन पदार्थांच्या रेघा एकमेकींपासून जितक्या दूर, तितके पुनर्स्फटिकीकरण सोपे. म्हणून कुठलेही मिश्रण हातात आले की मी आधी या रेघा पाहतो, मगच भांडी काढतो.

परीक्षानळी | १४ मे, दुपारी ४.१०

लोणारचा दाखला फार चांगला दिलात. पाश्चरचे थोडक्यात सांगतो. १८४८ मध्ये त्याने सोडियम अमोनियम टार्टरेटचे स्फटिक भिंगाखाली पाहिले आणि त्यात डावे आणि उजवे, आरशातल्या प्रतिबिंबासारखे, दोन प्रकार आहेत हे ओळखून ते चिमट्याने निवडून वेगळे केले. हे दोन प्रकार वेगवेगळे स्फटिक होऊन पडतात ते सुमारे २७ अंशांच्या खाली. त्याच्या वर दोन्ही मिळून एकच मिश्र स्फटिक तयार होतो आणि निवडायला काही उरत नाही. त्याची प्रयोगशाळा पॅरिसमध्ये होती. तीच बशी मे महिन्यात अकोल्याला असती, तर त्याला काहीच दिसले नसते. खोलीचे तापमान प्रयोगवहीत लिहायचे ते यासाठी.

पूर्णाकाठ | १७ मे, रात्री ८.३०

सर्वांच्या सूचनांप्रमाणे आज नव्याने प्रयोग केला, तो कळवतो.

सकाळी सातला सुरुवात केली, तेव्हा खोली ३१ अंशांवर होती. ऊर्ध्वपातित पाणी नव्हते, म्हणून बॅटरीच्या दुकानातून बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी आणले, आणि ते आम्ल नाही ना हे लिटमसने आधी तपासले. नवे मिश्रण, दुहेरी कागद. बायकार्बोनेटचे द्रावण काचेसारखे स्वच्छ उतरेपर्यंत दोनदा गाळले. कच्चे आम्ल १.८५ ग्रॅमच मिळाले, त्यामुळे तुलना सरळ करता आली. पाणी ४८ मिलिलीटर लागले. गरम गाळताना नळीत स्फटिक अडकण्याची आम्हाला नेहमी भीती असते. या वेळी नरसाळे आधी गच्चीवर उन्हात ठेवले होते. नऊ वाजताच ते हाताला चटका देत होते आणि एकही स्फटिक अडकला नाही. फ्लास्क कापसात बसवला, पाऊण तासाने पाती दिसू लागली, आणि सगळा वर्ग कामे सोडून तिथे जमला. शेवटी बर्फ, पाच मिलिलीटर बर्फाच्या पाण्याने एकदा धुणे.

वाळल्यावर १.६ ग्रॅम. थील नळीत (द्रवणांक मोजण्याच्या काचनळीत) ११५ अंशांनंतर आच अगदी कमी करून, मिनिटाला एक-दोन अंश या गतीने तापवले. १२१ ला केशनळीतला पदार्थ आकसला, १२२ ला स्वच्छ वितळला. तापमापक आधी उकळत्या पाण्यात तपासला होता. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटर उंच असल्यामुळे पाणी ९९ ला उकळायला हवे, आणि त्याने ९९ दाखवले.

तवंग नव्हता, वासही नव्हता. त्या दोन मुलींनाच केशनळी भरायला दिली होती. आता फक्त एक शंका. मदर लिकर फेकावे, की आटवून त्यातून आणखी स्फटिक काढावेत?

प्रयोगवही | १७ मे, रात्री ९.१०

फार आनंद झाला, सर. आटवून काढा, पण ते स्फटिक पहिल्या स्फटिकांत मिसळू नका. सगळ्या विरघळणाऱ्या अशुद्धी आता त्या थोड्या पाण्यात एकवटल्या आहेत, त्यामुळे दुसरा हप्ता नेहमीच कमी शुद्ध निघतो. वेगळी बाटली, वेगळी चिठ्ठी, वेगळा द्रवणांक. मुलांना दोन्ही केशनळ्या शेजारी शेजारी बांधून एकाच वेळी तापवायला द्या.